शनिवारचा पिवळा कुत्रा

बत्तीस वर्षं मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात काढली आणि त्यातली निम्मी माणसांवर ओरडण्यात गेली. संपादकांचा फोन आला, "नोकरीतले चार अनुभव लिहा. दिवाळी अंक आहे, वाचून लोकांना बरं वाटलं पाहिजे." बरं वाटावं असं माझ्याकडे फारसं काही नाही. राग मात्र भरपूर आहे, आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही. त्यातला थोडा लोकांवर आहे आणि थोडा स्वतःवर. शेळीपासून रेड्यापर्यंत सगळी जनावरं या हातांखालून गेली, पण हा राग आहे एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या खाण्यावरून.

आधी माझं पद सांगतो, कारण लोक हमखास चुकतात. मी डॉक्टर नव्हे. डॉक्टर म्हणजे पशुधन विकास अधिकारी. मी पशुधन पर्यवेक्षक. लस टोचायची, जखमा धुवायच्या, अडलेल्या गाईपाशी बसून राहायचं, आणि डॉक्टर दुसऱ्या गावी गेले असतील तर त्यांच्या वाट्याच्या शिव्या आपण खायच्या. पण आमच्या वसमतकडच्या भागात पांढरा शर्ट घालून सुई मारणारा प्रत्येक जण 'डॉक्टरसाहेब' असतो. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. पुढे सोडून दिलं.

दवाखान्याच्या रजिस्टरात गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी, सगळ्यांना आपापला रकाना होता. कुत्रं 'इतर' मध्ये. आधीच्या काळात कुणी कुत्र्याचं नाव काढलंच तर ते कुणाला तरी चावलंय म्हणून. ते आजारी आहे म्हणून कुणी घेऊन आलं, असं व्हायला माझी निम्मी नोकरी संपावी लागली. आणि यायला लागले ते सगळे एकच प्रश्न घेऊन, "साहेब, म्हातारं झालंय, काहीतरी ताकदीचं सांगा."

'ताकदीचं' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आपल्याकडे रीत आहे, पहिली भाकर गाईची, शेवटची कुत्र्याची. रीत चांगली आहे. दारचं कुणी उपाशी झोपू नये एवढाच तिचा अर्थ. पण त्या शेवटच्या भाकरीबरोबर दिवसभराचं उरलंसुरलं सगळं जातं. वांग्याच्या रश्शावरची तर्री, ठेचा, लोणच्याचा खार, कांद्याची भजी. कांदा कुत्र्याच्या रक्तालाच बाधतो, हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघून हसतात. जवान कुत्रं हे सगळं पचवतं, निदान पचवल्यासारखं दाखवतं. दहा वर्षं ओलांडली की हिशेब वेगळा होतो.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं कसं असतं? डॉक्टर मीठ तोडतो, साखर तोडतो, सून बिनतिखटाची भाजी वेगळी काढून ठेवते. कुत्र्यालाही नेमकं तेच लागतं. मूत्रपिंड थकलं असेल तर मीठ बंद, पाणी कायम समोर, आणि मांस-अंडं डॉक्टर सांगतील तेवढंच. दात गेले असतील तर भिजवून मऊ. सांधे धरले असतील तर आधी वजन उतरवा. स्वादुपिंड बिघडलं असेल तर तेला-तुपाचा थेंब नको. आत काय थकलंय हे कळल्याशिवाय काय घालावं हे कुणी सांगू नये. सांगतात मात्र सगळेच.

वारंगा फाट्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांच्याकडे बारा वर्षांचं कुत्रं, मागच्या पायांत जोर नाही, मूत्रपिंडं कामातून जात आलेली. फाट्यावरच्या एका दुकानातून त्यांनी तयार खाद्याचं पोतं आणलं होतं. "एकदम भारी हाय म्हणला दुकानदार. दोन महिने हेच घालून राहिलोय. पण खंगतच चाललाय." मी पोतं बघायला मागितलं. त्यावर उड्या मारणाऱ्या पिल्लाचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, वाढत्या वयाच्या पिल्लांसाठी. म्हणजे घरातल्या आजोबांना दोन्ही वेळा बाळंतिणीचे डिंकाचे लाडू. मी म्हटलं, "गुरुजी, उभी हयात पोरांना 'नीट वाचा' म्हणून छड्या मारल्या. हे काय लिहिलंय?" त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. पोतं शेजारच्यांच्या पिल्लाला गेलं. गुरुजींचा कुत्रा साध्या, मापात घातलेल्या खाण्यावर पुढचा उन्हाळा बघून गेला. अशा वेळी मी स्वतःवर खूश असायचो. ओरडलं की माणसं सुधारतात, अशी माझी समजूत होत गेली ती अशामुळेच.

आता गयाबाईंचं सांगतो.

कुरुंद्याच्या अलीकडे एक गाव आहे. तिथं मारुतीच्या देवळाच्या बोळात गयाबाई दोन खोल्यांत एकट्या राहतात. नवरा हळद शिजवायच्या कामावर जायचा, तो वारला. मुलगी नांदेडला दिली. बाई माळकरी, एकादशी आली की नरसीला नामदेवांच्या दर्शनाला जाणार म्हणजे जाणार. नवऱ्यानं हळदीच्या कढईपाशी सापडलेलं एक पिलू कधीतरी घरी आणलं होतं. काळं कुळकुळीत, अंगावर एक पांढरा केस नाही. नाव ठेवलं काळ्या. माझ्याकडे आला तेव्हा काळ्या बारा वर्षांचा होता.

"मालक गेल्यापासून घरात बोलायला ह्योच हाय साहेब," गयाबाई म्हणाल्या, "ह्याला तेवढं राहू द्या."

काळ्या उलट्या करत होता आणि पाठीची कमान करून उभा होता. आमच्या डॉक्टरांना शंका आली, रक्त तपासायला परभणीला पाठवलं. स्वादुपिंडाला सूज निघाली. औषधं डॉक्टरांनी दिली. पथ्य समजावून सांगणं माझं काम. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. मऊ शिजवलेला भात, त्यात उकडलेला लाल भोपळा नाहीतर दुधी, आणि अंड्याचं नुसतं पांढरं. तेल, तूप, दूध, साय काही नाही.

अंडं म्हटल्यावर बाईंचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. आता हिला समजवावं लागणार म्हणून मी घसा साफ केला. पण त्याच म्हणाल्या, "माळ माझ्या गळ्यात हाय, त्याच्या न्हाई. भाईर तीन दगडं मांडते अन् उकडते."

आणखी एक गोष्ट मी बजावली. "ह्याला मोकळं सोडू नका. उकिरड्यावर काहीबाही खाईल. दाराशी बांधून ठेवा." माझं हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं.

पंधरा दिवस छान गेले. मग एका सोमवारी, रविवारची सुट्टी संपून दवाखाना उघडल्याबरोबर, बाई टेम्पोतून काळ्याला घेऊन हजर. उलट्या. सलाईन लावलं, बरा झाला. पुढच्या सोमवारी परत. त्याच्या पुढच्याही. उलटीत तेलाचा तवंग, गुळाचा वास. या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षात कळते, की जनावर खोटं बोलत नाही आणि मालक खरं बोलत नाही. 'कायबी घातलं न्हाई साहेब' म्हणतात आणि जनावराच्या पोटातून अख्खं लग्नाचं जेवण निघतं. बाई लाडानं चोरून घालते, हे मी मनात पक्कं केलं.

चौथ्या सोमवारी दवाखान्यात गर्दी होती, दहा माणसं तरी असतील. मी सगळ्यांसमोर सुरू झालो. "बाई, ह्याला आजार न्हाई मारून राहिला, तुमी मारून राहिल्या. तुमच्या लाडानं मारून राहिल्या."

"म्या न्हाई घातलं, साहेब."

"मग काय आभाळातून पडलं?"

कुणीतरी हसलं. मला ते हसणं आवडलं, हेही कबूल करतो. गयाबाईंनी पदरानं काळ्याचं तोंड पुसलं, त्याला उचलून टेम्पोत ठेवलं आणि गेल्या. पुढच्या सोमवारी त्या आल्या नाहीत.

त्याच आठवड्यात लाळ्या-खुरकुताच्या लसीसाठी माझी त्या गावात फेरी होती. वार शनिवार. बैलांना सुया मारत मारत देवळाच्या बोळापाशी आलो आणि बघतो तर गयाबाईंच्या दारात माणसांची रांग. प्रत्येकाच्या हातात स्टीलचा डबा. मला वाटलं, बाई गेली. पुढे झालो. बाई नव्हत्याच घरी, हळदीच्या कामावर गेल्या होत्या. दारातल्या खांबाला काळ्या बांधलेला आणि त्याच्यासमोर तेलात भिजवलेल्या पोळ्या, गुळाचे खडे, उडदाचे वडे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शनीची पीडा टळावी म्हणून शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालतात. मारुतीला तेल वाहायचं, बाहेर येऊन कुत्र्याला पोळी घालायची, झालं. मी एकाला विचारलं, हे कधीपासून चाललंय?

"पहिले लई तकलीफ होती साहेब. काळं कुत्रं हुडकत गावभर फिरा, ते पळून जायचं. आता ह्यो एका जागी बांधलेला भेटतो. सोय झाली."

कुणी बांधायला लावला होता? मी.

शेजाऱ्यांनी बाईंना कसं सांगितलं नाही, असं कुणी विचारेल. शेजाऱ्यांचेही डबे रांगेत होते.

मी काही बोलायच्या आत एका मोटारसायकलवरच्या जोडप्याची पाळी आली. त्यातल्या बायकोनं पोळी घातली. काळ्यानं खाल्ली. खाणारच, कुत्रा आहे तो, आणि दीड-दोन महिने पथ्यावर होता. दोन-चार मिनिटांत त्यानं पुढचे पाय लांब केले, छाती जमिनीला टेकवली, मागचा भाग वर तसाच ठेवला आणि डोळे मिटले. त्या बाईनं हात जोडले.

"घातला नमस्कार! शनी पावला बघा!"

नवरा मला समजावू लागला, "बाकीचे कुत्रे खाऊन पळतेत. ह्यो बराबर नमस्कार घालतो. म्हणून तर लोक वसमतहून येऊन राहिले."

तो नमस्कार नव्हता हो. पोटात असह्य कळ आली की कुत्रं तसं अंग ताणतं. आमच्या शिक्षणात पहिल्यांदा शिकवलेल्या खुणांपैकी ती एक खूण. स्वादुपिंडाला आग लागलेलं एक म्हातारं जनावर कळवळत होतं आणि माणसं त्याच्यापुढं हात जोडून उभी होती. इतकी वर्षं जनावरांचे हाल बघितले, जू लागून सोललेली मानगूट बघितली, पण असं कधी बघितलं नव्हतं.

"पोट दुखून राहिलंय त्याचं!" मी ओरडलो. "तुमची साडेसाती तुमी त्याच्या पोटात कोंबून राहिले! त्याची साडेसाती कोण उतरवणार?"

एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्यात मानत न्हाईत. तुमचं येगळं हाय."

आम्ही बौद्ध. ग्रहांना घाबरायचं नाही, डोळ्यांनी बघायचं, पुरावा मागायचा, मग बोलायचं, हे आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. पण मी कुणाच्या देवाबद्दल बोलतच नव्हतो. मी तेलाबद्दल बोलत होतो. कुत्र्याच्या पोटाला जात नसते, हे मी तिथं म्हणालो नाही. म्हणायला पाहिजे होतं. मी सगळ्या पोळ्या गोळा करून फेकून दिल्या, तर एक जण म्हणाला, "सरकारी मानसानं सुई मारावी अन् जावं."

घरी येऊन मी एक पाटी रंगवली. 'हे कुत्रे आजारी आहे. यास काहीही खाऊ घालू नये.' ती खांबाला लावून घेतली. आता हसू नका. पुढच्या शनिवारी रांग वाढली. आधी परगावच्या लोकांना पत्ता विचारावा लागायचा, आता पाटी बघून कळायचं की तो कुत्रा हाच.

पण ते पुढचं. पाटीच्या आधी, त्याच शनिवारी संध्याकाळी मी गयाबाईंची वाट बघत त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. त्या आल्या, हात कोपरापर्यंत पिवळे. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग जाऊन आधी काळ्याची दोरी सोडली. तीन दगडांची चूल मी तेव्हा पाहिली. वेगळं जर्मनचं पातेलं, शेजारी अंड्यांची टरफलं एका डबड्यात. पिवळा बलक बोळातल्या मांजराला जायचा. पथ्य इतकं काटेकोर पाळणारं माणूस मी बत्तीस वर्षांत दुसरं पाहिलं नाही. पुरावा मागणाऱ्या घरातला मी, आणि पुरावा न बघता या बाईला गुन्हेगार ठरवून मोकळा झालो होतो. रांगेतल्या लोकांनी काळ्याचा रंग बघितला आणि मी सोमवारची उलटी बघितली. आत काय आहे ते दोघांनीही पाहिलं नाही.

"बाई, माझं चुकलं," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दहा मानसांत बोलले साहेब. माफी एकट्यात मागून राहिले व्हय?"

मी म्हणालो, सोमवारी या, सगळ्यांसमोर म्हणतो. त्या "बघू" म्हणाल्या. मग काळ्याच्या पाठीवरून हात फिरवत जरा वेळानं विचारलं, "काळा हाय म्हणूनच येतेत ना ते?"

पाटीचा पराक्रम झाला, आणि दोरी सोडली तरी काळ्या ओटा सोडून कुठं जात नव्हता. त्याच्या पुढच्या शनिवारी मी मुद्दाम गेलो. गयाबाई कामावर न जाता ओट्यावर बसलेल्या. शेजारी काळ्या. पण काळ्या काळा नव्हता. हळद पॉलिश करताना फिरत्या ढोलाखाली जी भुकटी पडते, ती पाण्यात कालवून बाईंनी त्याला नाकापासून शेपटीपर्यंत लिंपला होता. सोन्यासारखा पिवळा कुत्रा, आणि त्याच्यासमोर डबे घेऊन गोंधळलेली माणसं.

"ह्यो तर पिवळा हाय."

"खालून काळाच हाय की."

"खालून काय करायचं? शनीला काळं दिसलं पाहिजे."

पंधरा-वीस मिनिटं शास्त्रार्थ चालला. मी भिंतीला टेकून गंमत बघत होतो. शेवटी एका शहाण्यानं निकाल दिला, "पिवळं गुरूचं असतंय. बाई, मंग मी गुरुवारी हरभऱ्याची डाळ अन् गूळ घेऊन येतो."

गयाबाई जागच्या न हलता म्हणाल्या, "गुरुवारी धुऊन काढते मी त्याला. गुरुवारी ह्यो काळाच असतो, भाऊ."

एकेक करत डबे परत गेले. मी बोर्ड रंगवला, ओरडलो, शास्त्र सांगितलं. मला जे जमलं नाही ते ओंजळभर हळदीनं केलं. थोडीफार चाटली तरी बाधत नाही, हे मी डॉक्टरांना विचारून घेतलं. पुढे महिनाभरात काळ्याचं पोट दुखायचं थांबलं आणि साहजिकच नमस्कारही थांबला. त्यावर गावात काय बोलणं झालं? तर हळदीनं कुत्र्याचं सत्त्व गेलं. ऐकून मी कपाळावर हात मारला, पण सत्त्व गेलं म्हणून का होईना, पोळ्या थांबल्या.

आणि मी कबूल केलेला तो लगेचचा सोमवार. गयाबाई आल्या होत्या. पोळ्या वेळेत फेकल्यामुळे त्या खेपेला काळ्या ठीक होता, तरी आल्या. कशासाठी ते मला ठाऊक होतं. बाकावर बसून राहिल्या. दवाखाना भरलेला. शब्द माझ्या तोंडाशी आले होते. तेवढ्यात कुणीतरी अडलेली म्हैस आहे म्हणून बोलवायला आलं आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. मी पिशवी उचलून निघालो. परत आलो तेव्हा बाक रिकामा होता. ओरडायला मला कधी मुहूर्त लागला नाही. माफीला मात्र मी म्हशीचा आडोसा घेतला.

काळ्या त्यानंतर दीड वर्ष जगला, दर शनिवारी पिवळा होऊन. माझ्या नोकरीचे शेवटचे महिने चालू असताना त्यानं खाणं सोडलं. आता मूत्रपिंडंही गेली होती. डॉक्टर म्हणाले, करण्यासारखं काही नाही. मी गयाबाईंच्या घरी गेलो आणि म्हणालो, "बाई, आता पथ्य सोडा. जे आवडतं ते घाला. तेलाची पोळी घाला, दोन घास आवडीनं खाईल."

त्यांनी मान हलवली. "न्हाई साहेब. माझ्या हातून तसला घास त्याच्या तोंडात कधी गेला न्हाई. आता शेवटी काहून घालू? उद्या तुमीच म्हनसान."

भाताची पेज त्यांनी तळहातावर घेतली. काळ्यानं दोनदा चाटली आणि मान त्यांच्या हातावरच ठेवली. दुसऱ्या दिवशी तो गेला. अंगावरची हळद पुरती निघाली नव्हती, कानांच्या कडा पिवळ्याच होत्या.

संपादकांनी चार अनुभव मागितले होते, मी एकच पुरवून पुरवून सांगितला. कारण त्यात एक वाक्य राहिलं होतं, ते असं: गयाबाईंनी त्या कुत्र्याला एकही चुकीचा घास घातला नव्हता, दहा माणसांत मी त्यांच्यावर जे बोललो ते खोटं होतं, आणि त्याला दाराशी बांधायला लावून शनिवारच्या रांगेपुढं मीच उभं केलं होतं.

गयाबाईंना वाचता येत नाही. परवा जाऊन सांगितलं, की बाई, सगळं लिहून काढलंय, छापून आलं की घरी येऊन वाचून दाखवतो. त्या हळद निवडत होत्या. म्हणाल्या, "घरी कशाला? सोमवारी दवाखान्यात वाचा. मी येते. पण मोठ्यानं वाचा साहेब. ओरडले होते ना, तेवढ्याच मोठ्यानं."